कृपया बसू नये

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. माझ्या अंगावरच्या पॉलिशमध्ये तुम्हाला तुमचा चेहरा दिसेल, पण म्हणून माझा हेवा करू नका. माझा नुसता संताप होतो आहे.

ज्या सुताराने मला घडवलं, त्याने आधी स्वतः बसून, पाठ टेकून पाहिलं आणि मगच मला शहराच्या मधोमध असलेल्या मैदानात पाठवलं. माझ्यावर कोण नाही बसलं? कुणी डबे उघडले, कुणाचे रुसवे निघाले, पेपर वाचता वाचता कितीतरी आजोबांना डुलक्या लागल्या. पण माझी सगळ्यांत लाडकी होती टाचणीमावशी. शिवताना ओठांत टाचण्या धरायची तिला सवय, म्हणून मुलांनी हे नाव पाडलं होतं. शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन ती घरून बाजारातल्या दुकानात जायची. गुडघे कुरकुरायचे. मग माझ्यावर टेकून म्हणायची, "तू आहेस म्हणून माझं चाललंय रे बाबा!"

पुढे शेजारी टोलेजंग इमारत आली. उंच इमारतीशी माझं काही वाकडं नाही. माणसं वाढली की जागा लागणारच. पालिकेशी झालेली बोलीही चांगली होती: इमारतीच्या मालकाने मैदान लोकांसाठी मोकळं ठेवायचं आणि त्याबदल्यात वर जादा मजले बांधायचे. मजले चढले. मैदानात गुळगुळीत फरशी आली, कुंड्या आल्या. माझे सोबती बाक भंगारात गेले. मला मात्र घासूनपुसून मधोमध ठेवलं, भोवती साखळी लावली आणि पाटी ठोकली: 'शहराचा वारसा. कृपया बसू नये.'

बाकावर बसू नये! उद्या म्हणतील, पाणपोईचं पाणी पिऊ नये.

महिन्यापूर्वी मावशी आली. साखळीला हात लावते तोच रखवालदार धावला.

"मावशी, इथं बसायचं नाही. वरून ऑर्डर आहे."

"मग कुठं बसू?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. एवढ्या मैदानात बसायला दुसरी जागाच नव्हती. "आत कॉफीचं दुकान आहे. पण तिथं काहीतरी घ्यावं लागतं."

"कॉफी काय गुडघ्यांना पाजू? अरे, इथं टेकायला मिळालं नाही तर मला बाजार गाठता येत नाही. काम सोडावं लागेल." मग त्याच्या सुजलेल्या पायांकडे तिचं लक्ष गेलं. "तू तरी बसतोस का दिवसभरात?"

"आम्हालाही मनाई आहे," तो हळूच म्हणाला.

शेवटी मावशी माझ्यासमोर, साखळीबाहेर, खाली फरशीवर बसली. तिला उठवताना रखवालदाराचे डोळे भरून आले. त्यानंतर ते गाठोडं मला दिसलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे जाता जाता सांगतात, आमची काळजी घ्या. मी म्हणतो, पुरे झाली काळजी! त्यांनी मजले पुरेपूर घेतले, तुम्हीही तुमचं मैदान पुरेपूर मागा. ती साखळी काढायला लावा, मावशीला बोलावून आणा आणि रखवालदारालाही शेजारी बसवा. माझं पॉलिश गेलं तरी चालेल.