पन्नास शब्दांत शाळा

बाबांचं उत्तर काही आलं नव्हतं. पान लावायची वेळ झाली होती आणि उपसंपादक बाई, म्हणजे बाबांची एकुलती एक लेक, खुर्चीत बसून चरफडत होती. प्रश्न तिनेच काढला होता: आमदार झालात तर सरकारी शाळांसाठी काय कराल? पन्नास शब्दांत लिहा. तिन्ही उमेदवारांना तो एकाच दिवशी गेला होता. बाकीच्या दोघांचाही पत्ता नव्हता, पण पुढाऱ्यांनी वेळ पाळली नाही तर कोण दचकतं? बाबांनी मात्र जन्मभर पोरांना वेळेवरून फैलावर घेतलं होतं. शिवाय निवृत्त झाल्यावर, या वयात, ते निवडणुकीला उभे होते ते याच एका प्रश्नासाठी. नदीपलीकडची त्यांची शाळा, पोरं कमी म्हणून, बंद होणार होती. बाबांकडे ना पक्ष, ना गाडी. पेपरातली ही चौकट हाच काय तो त्यांचा प्रचार.

शेवटी ती स्वतःच घरी गेली. आईने दार उघडलं.

"ये, तुझीच कमी होती. तुझे बाबा स्वतःला पाडायला बसलेत."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाबांच्या एका बाजूला ठेकेदार आणि दुसऱ्या बाजूला वकीलबाई बसल्या होत्या. म्हणजे उरलेले दोन्ही उमेदवार. ठेकेदार म्हणे तब्येत विचारायला आला होता आणि वकीलबाई सहज. दोघंही बाबांचे विद्यार्थी. अडलं की सरांचं घर गाठायचं ही त्यांची लहानपणापासूनची खोड, ती निवडणूक आली म्हणून थोडीच सुटणार? सभांमधून एकमेकांची सालटी काढणारी ही दोघं मान खाली घालून लिहीत होती. वकीलबाईंनी तर डाव्या हाताने कागद झाकून धरला होता.

"दुप्पट निधी आणू, असं लिहिलंयस," बाबा त्यांना म्हणाले. "आणणार कुठून?"

"ते नंतर बघता येईल, सर."

"गणितात रीत नाही लिहिली तर मी गुण देत होतो का?"

वकीलबाईंनी मुकाट्याने ओळ खोडली. मग ओठ चावत लिहिलं की पहिल्या वर्षी आपल्या निधीतला निम्मा वाटा शाळांच्या छपरांना आणि संडासांना.

बाबा ठेकेदाराकडे वळले. त्याला ते अजून लंब्याच म्हणत. "लहान शाळा बंद, एकच मोठी शाळा, न्यायला-आणायला बस. वाचायला छान आहे. पूल पाण्याखाली गेला की बस कुठून येणार, लंब्या?"

"पक्षाचं धोरण आहे, सर."

"पक्ष नदीपलीकडे राहत नव्हता. तू राहत होतास. शाळा इकडच्या काठाला असती तर शिकला असतास?"

लंब्याने बसची ओळ खोडली. मग लिहिलं: लहान मुलाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर शाळा असेल, पोरं कितीही कमी असली तरी. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दारात उभ्या लेकीच्या अंगाचा तिळपापड होत होता. दोघं जाताच ती बरसली.

"तुमच्याजवळचं होतं नव्हतं ते देऊन टाकलंत. आता तुम्ही काय लिहिणार?"

"तोच विचार करतोय."

"तुम्हाला निवडून यायचं होतं ना?"

"यायचं होतं की. पण पोरं समोर बसून चुकीचं उत्तर लिहितायत आणि मी गप्प बसू? तेही माझ्या घरात?"

तिला त्या क्षणी बाबांवर इतकी माया आली की त्याचाही रागच आला. तिने तणतणत कागद ओढला आणि ते सांगत गेले तसं उतरवलं: वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. निवडून येईल त्याची वही पुढची पाच वर्षे मी तपासणार आहे.

"पन्नास शब्द नाही झाले," ती म्हणाली.

"मग काय, पाणी घालून वाढवू?"

तिने तसंच छापलं, सगळ्यात खाली.

लंब्या निवडून आला. वकीलबाई थोडक्यात हुकल्या. बाबांना मतं इतकी कमी पडली की, आईच्या म्हणण्याप्रमाणे, तिने ती सगळी चेहऱ्याने ओळखली असती. लेक कार्यालयात तोंड लपवून रडली. बाबा रात्री नेहमीसारखे पोटभर जेवले.

शाळा उघडायच्या आधी एका सकाळी तिचा फोन वाजला. नवे आमदार होते आणि आवाज दबलेला होता.

"अगं, सर आलेत. पेपराचं कात्रण माझ्यापुढे ठेवून बसलेत. शाळा बंद करायची तर माझी संमती हवी म्हणून आज कागद आला होता. मी नाही म्हटलं."

तिने फोन कानाशी घट्ट धरला. डोळे भरून आले होते.

"दादा, मग आता अडलंय कुठे?"

"कागदावर 'नाही' एवढंच लिहिलं होतं मी. सर म्हणतात, 'का नाही' ते पूर्ण वाक्यात लिही. घरी कधी जातात गं ते?"

मागून बाबांचा आवाज आला. "लंब्या, गप्पा नंतर. आधी वाक्य पुरं कर."