दोघांच्या आलेखातला उंचवटा

प्रोटॉनवर प्रकाश पडला की कधीकधी त्यातून मेसॉन नावाचा अल्पायुषी कण बाहेर पडतो. किती ऊर्जेला किती मेसॉन पडतील, हे गणिताने आधीच सांगायचं, हा माझा उद्योग. सहा वर्षं डोकं झिजवल्यावर माझ्या आलेखात एक उंचवटा आला, आजवर कुणीच न पाहिलेला. तो खरा ठरला तर माझी नोकरी कायम होणार होती.

आणि सोमवारी मामाच्या संगणकाच्या पडद्यावर तोच उंचवटा! त्याच ऊर्जेला, तेवढाच उंच.

मामा म्हणजे माझ्या खोलीतला दुसरा संशोधक. विभागात सगळेच त्याला मामा म्हणतात, पण इथे मामा माझाच होत होता. त्याचं मॉडेल वेगळं, गणित वेगळं. दोन वाटांनी जाणारी माणसं एकाच दगडाला कशी ठेचकाळतील?

मी पासवर्ड बदलला. पडदा भिंतीकडे वळवला. वहीवर पेन मुद्दाम तिरकं ठेवून जेवायला गेले, परत येते तर पेन सरळ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलं पुसणाऱ्या मावशी माझ्या डोक्यातही आल्या नाहीत.

"कुठून उचललास उंचवटा?"

मामा गोंधळला. "उचलला? अगं, जुन्या मोजणीच्या तक्त्यावर मॉडेल बसवलं, तर आला."

"कुठला तक्ता?"

"तुझाच. शिकत होतीस तेव्हा सरांसाठी टाइप केलेला. तुझं काम म्हणून मी परत तपासलाही नाही."

मीही तोच वापरला होता. तडक ग्रंथालयात जाऊन मूळ छापील अहवाल काढला. चौदावी ओळ: २.३. माझ्या तक्त्यात ३.२.

आकडा दुरुस्त करून गणित पुन्हा चालवलं. उंचवटा गेला. सहा वर्षं मी माझ्याच चुकीला गणिताने सजवत बसले होते.

"मामा, तुझा पेपर पाठवलास?" मी विचारलं.

"छे. महिनाभर तयार आहे. पण उंचवटा आधी तुला दिसला होता ना, म्हटलं तुझा जाऊ दे."

मला रडू आलं. मी पडदा भिंतीकडून त्याच्याकडे वळवला.