चौकटीवरची खाच

तिने चौकटीवर बोट ठेवलं आणि रेंगाळलेल्या लोकांना जवळ बोलावलं. कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाच्या दाराला, उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर एक तिरकी खाच होती. रंगाचे थरावर थर चढले होते, तरी बुजली नव्हती.

“इथे मेझुझा असायचा. प्रार्थना लिहिलेली गुंडाळी ठेवायची डबी. नदीवर पूलही नव्हता, तेव्हा ज्यू रंगारी या गल्लीत येऊन राहिले. शहरातलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर, या दुकानाच्या माडीवर होतं.”

लोक माना वर करून माडी बघू लागले. तिचे वडील घोळक्यात सगळ्यांत मागे होते, तिकीट काढून आलेल्या परक्यासारखे. जन्मभर त्यांनी याच रस्त्याने बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर लेकीचं काम बघायला आज पहिल्यांदाच आले, तेही ओळख करून द्यायची नाही या अटीवर. तिने गाइडचं काम धरलं तेव्हाही एवढंच म्हणाले होते, “शहराचं काय ते सांग. घरचं नको. उगाच कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं?”

तिने शब्द पाळला होता.

ती सांगत गेली, तसे वडील एकेक पाऊल पुढे सरकत होते.

“त्यांच्यातलं कुणी उरलंय का हो अजून?” चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

तिचं उत्तर ठरलेलं असे. काही घराणी गेली, काही मिसळून गेली. ती बोलणार, तोच कुणीतरी खाकरलं.

“आहेत की,” वडील म्हणाले. “आम्ही आहोत.”

सगळे वळले. वडिलांचे कान लाल झाले होते, पण ते ताठ उभे होते.

“माझे पणजोबा इथेच रंग कालवायचे. आणि ही इतकं नीट सांगतेय ना, ती माझी लेक.”

तिने मान खाली घालून हातातले कागद उगाचच सारखे केले.

“अरे वा! आडनाव काय आपलं?” बाईंनी विचारलं.

नोकरीला लागताना वडिलांनी आडनाव कापून अर्धं केलं होतं. लेकीच्या दाखल्यावरही तेच अर्धं लागलं. आज त्यांनी ते पुरतं उच्चारलं, बसमधल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावं अशा आवाजात.

बाईंना ते नीट कळलं नाही.

मग लेकीने ते सांगितलं, सावकाश, अक्षर न् अक्षर सुटं करून.