टेकडीवर चढलेली वणा

रूपरावांचं हार्डवेअरचं दुकान हिंगणघाटच्या बाजारात आहे. तिथं खिळे मिळतात, कड्या मिळतात, नळाच्या तोट्या मिळतात, आणि गिऱ्हाईक थोडं रेंगाळलं तर एखादी तक्रारही पदरात पडते. हल्लीच्या खिळ्यांना टोक नाही. पंख्याच्या वाऱ्यात दम नाही. समोरचे किराणावाले बंडूजी म्हणायचे, "रूपरावजी, तुमी सोरगात गेले तरी देवाले म्हनान, दरवाजाची बिजागरी करकरते."

त्यांची सगळ्यांत लाडकी तक्रार मात्र विमानाची होती. रूपराव जन्मात विमानात बसले नव्हते. पण दुपारी बाजार पेंगायला लागला, की दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून ते रोज विमान उडवत. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बांधलेला तो फुकटातला सिम्युलेटर होता. नागपूरच्या धावपट्टीवरून विमान उचलायचं आणि दक्षिणेला, आपल्या गावाकडं यायचं. बुटीबोरीपर्यंत सगळं छान. हिंगणघाट आलं की बिघडलं. कापसाच्या जिनिंगच्या जागी गर्द झाडी, बाजाराच्या जागी उजाड माळ, आणि वणा नदी? ती चक्क एका टेकडीवर चढलेली. एका उतारानं वर, दुसऱ्या उतारानं खाली, कुणी निळं लुगडं वाळत घातल्यासारखी.

या नदीबद्दल रूपराव त्या लोकांच्या चर्चेच्या पानावर सारखे लिहीत. इंग्रजी मोडकं, पण राग अस्सल वऱ्हाडी.

यंदा त्या रागाला वेगळंच वजन आलं.

त्यांची एकुलती एक लेक रक्षा मस्कतला असते. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली. सासू नाही, नणंद नाही. तिनं फोनवर एवढंच विचारलं, "आई, तू येशीन ना?"

"येतो ना माय," कोकिळाबाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसल्या.

पासपोर्ट हातात आला होता. भीती मात्र पोटात होती. जमीन सुटते म्हणजे काय होतं, हे त्यांना कुणी नीट सांगेना. रूपराव म्हणाले, "सांगाले काऊन लागते? दाखवतो ना!" आणि एका दुपारी त्यांनी बायकोला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

नागपुराहून विमान उठलं. कोकिळाबाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली. ढग आले, गेले. हळूहळू पकड सैल झाली.

"मस्कतचं विमान हैदराबादवरून हाये, अन् हे त्याच वाटेवर हाये," रूपराव म्हणाले. "आता आपलं गाव येईन पाह्य."

"मंग वणा येईन."

कोकिळाबाईंची एक सवय होती, त्यांच्या आईची आणि आजीचीही. गाव सोडताना पूल आला की नदीला हात जोडायचे, खिडकीतून नाणं टाकायचं, "माय, सांभाळजो" म्हणायचं. एसटीत, जीपमध्ये, एकदा तर दवाखान्याच्या गाडीतही त्यांनी हात जोडले होते. आताही त्यांनी पदर सारखा केला, हात जुळवले, आणि हात तसेच राहिले.

"अजी, हे काय होय?"

"वणा."

"ते टेकडीवर काऊन चढून राह्यली?"

"चूक हाये ते. मी लिहून पाठवलं—"

"ज्या विमानाले आपली नदी खाली वाह्यते का वर, एवढं ठाऊक नाई," त्या उठल्या, "ते मले समुद्रापल्याड लेकीच्या दारात उतरवून देईन?"

"अवं, खरं विमान वेगळं! हे खेळातलं—"

"खेळात आपली नदी दिसत नाई, तं खऱ्यात काय दिसन?" आणि स्वयंपाकघरात जाता जाता त्यांनी एक ओवीच जोडून टाकली:

*वणामाय माझी, टेकडीले गेली*
*कोन्या सुतारानं बाई, तिले शिडी केली*

रूपरावांना हसू आलं, पण ते लगेच ओसरलं. बाई गमतीत गात होती, पण जाणार नाही म्हणत होती ते खरं होतं.

त्यांनी त्याच बैठकीत आजवरची सगळ्यांत लांब तक्रार लिहिली. नदीचा अपमान, गावाचा अपमान, सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी फिनलंडच्या कुण्या माणसाचं उत्तर आलं. दोनच ओळी. 'इथं कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही. फाईल उघडी आहे आणि नदी तुमच्या गावची आहे; तुम्हीच दुरुस्त करा.' खाली, ते कसं करायचं याची माहिती जोडलेली.

रूपराव दिवसभर घुश्श्यात होते. "आपनच कराचं तं हे लोक कायले?" बंडूजींनी चहा पाजत विचारलं, "काय झालं?" ऐकून म्हणाले, "सोपं हाये. तुमच्या दुकानात लोकं येतात, म्हनतात नळ गळते. तुमी काय करता? वायसर देता हातात अन् म्हनता, बसव." रूपराव स्वतःच शेकडो लोकांचे फिनलंडवाले होते.

फाईल उघडल्यावर दोष कळला. जमिनीचा चढ-उतार एका फाईलीत, नदीची रेघ दुसरीत. आणि रेघ बाजूला सरकलेली. रेघ त्यांनी ओढून जागेवर आणली. आता तिला पाण्याची उंची द्यायची होती. वणेचं पाणी समुद्रापेक्षा किती उंचावर, ते कोण सांगणार? मग आठवलं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाची उंची लिहिलेली असते! ते सायकलीनं स्टेशनवर गेले, आकडा पाहून आले, नदीला दिला आणि अभिमानानं बायकोला हाक मारली.

विमान आलं. खाली नदी नव्हतीच. अर्ध्या हिंगणघाटावर निळंशार पाणी पसरलं होतं. बाजार बुडाला होता, हायवे बुडाला होता, बंडूजींचा किराणा तर नक्कीच.

कोकिळाबाई पाहतच राहिल्या. मग अशा हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. कित्येक दिवसांनी हसल्या.

"अजी, स्टेशन अन् नदी एका उंचीवर? मंग तिथं गाडी येते का डोंगा?"

"मंग कितीनं खाली पाह्यजे?"

"मले आकडा नाई माहीत. पन धुनं डोक्यावर घेऊन घाट चढली, तं गुडघ्यांनी सांगतलं ना किती खाली हाये ते!"

"गुडघ्यांचा आकडा फाईलीत कसा भरू?" रूपराव म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांची नजर दुकानाकडं गेली. तिथं खुंटीला पारदर्शक नळीची वेटोळी लटकत होती. गवंडी लोक तिच्यात पाणी भरतात आणि दोन टोकांतल्या पाण्यावरून भिंतीची पातळी जुळवतात. पाणी खोटं बोलत नाही. पुलाजवळच्या रस्त्याची उंची फाईलीत बरोबर होती. तिथून नदीपर्यंत उतार मोजत जायचं, की झालं.

सोमवारी बाजार बंद असतो. ऊन कलतं झाल्यावर नवरा-बायको नळी घेऊन निघाले. वरचं टोक कोकिळाबाईंच्या हाती, खालचं रूपरावांच्या. एक टप्पा मोजायचा, पट्टीनं अंतर घ्यायचं, मग दोघांनी खाली सरकायचं.

"हलवू नको ना व!"

"मी नाई हलत, तुमीच हलता."

"पानी हलून राह्यलं."

"मंग दम धरा. पानी हाये ते, थांबन तव्हा थांबन."

घाटावर गाई पाणी पीत होत्या. बाभळीवर बगळे येऊन बसत होते. बंडूजी स्कूटरवरून पुलावर थांबले आणि ओरडले, "काय शेठ, नदी इकत घेऊन राह्यले का?"

"दुरुस्त करून राह्यलो!" कोकिळाबाईच ओरडल्या.

शेवटच्या टप्प्याला त्या वाकल्या, ओंजळीनं पाणी डोळ्यांना लावलं आणि सहज, स्वतःशीच गुणगुणल्या:

*नदी बाई जाते, उताराच्या वाटं*
*मायेचंबी पानी, तसं लेकीकडं लोटं*

रूपरावांनी ऐकलं. नळी गुंडाळत राहिले.

मग दोघांनाही चटकच लागली. नदी खाली बसली, तर घाट हवा. घाट झाला, तर देऊळ हवं. कोकिळाबाई भाकरी थापता थापता मागच्या खोलीत डोकावायच्या. "देवळाचा कळस बुटका झाला." "नाचणगावच्या रस्त्याले चिंचा पाह्यजे, बाभळी नाई." नाचणगाव त्यांचं माहेर, तिथल्या रस्त्यावरचं झाडन् झाड त्यांना पाठ. दुकानातल्या तक्रारी कशा कुणास ठाऊक, पण आटल्या. तक्रार करायला सवडच नव्हती. ज्या पंख्याच्या वाऱ्यात दम नव्हता, तो रूपरावांनी एका सकाळी उघडला आणि त्यात तेल घातलं.

अखेर एका दुपारी पुन्हा विमान निघालं. बुटीबोरी मागं पडली. जिनिंगची पत्र्याची छपरं दिसली, बाजार दिसला, आणि पुलाखालून, आपल्या जागेवर, आपल्या वळणानं वणा वाहत होती. कोकिळाबाईंनी हात जोडले. ओठ हलले.

"झालं समाधान?" रूपरावांनी हळूच विचारलं.

"थांबा. आता मस्कत दाखवा. रक्षाचं घर."

रूपरावांनी विमान तिकडं नेलं. तपकिरी डोंगर, पांढरी घरं, एका बाजूला समुद्र. कोकिळाबाई पुढं सरकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. रस्ते पाहिले, झाडं पाहिली. एकाही गोष्टीवर त्यांना बोट ठेवता येईना.

"हे बरोबर हाये?"

"मले काय माहीत? मी कुठं गेलतो तिथं?"

"मलेबी नाई समजत," त्या म्हणाल्या. "तिथली झाडं अशीच हायेत का, घर असंच हाये का. तिच्या खिडकीतून डोंगर दिसते म्हने. कोनता डोंगर?" पडद्यावर विमान समुद्रावरून वळत होतं; त्यांचे हात मांडीवर मोकळे होते. "इथं बसून चूक कशी सापडन? जाऊन पाहावं लागन."

रूपराव त्यांच्याकडं पाहत राहिले.

"पाहता काय? तिकीट काढा. खिडकीजवळचं घेजा," म्हणत त्या उठल्या. "अन् बंडूजीले आवाज द्या, रक्षाच्या लाडवाले डिंक चांगला असन तं पाठवा म्हना. मागच्या टायमाले साऱ्या काड्याच होत्या."