सैतानाचे मुंडके आणि कलपाची बाटली

मित्रांनो, मी एक जुने मुंडके आहे. दचकू नका. मला धड कधी नव्हतेच, त्यामुळे माझ्यापायी कोणाचाही जीव गेलेला नाही. माझ्या मानेखाली गोठलेले जे रक्त दिसते तो तांबडा तैलरंग आहे, आणि माझ्या चेहऱ्यावरची वेदना कशामुळे आली हे सांगितले तर तुम्ही हसाल. तरी सांगतो, कारण ज्याला आपला जन्म सांगायची लाज वाटते त्याने आत्मवृत्त सांगण्याच्या भानगडीत पडू नये.

माझा जन्म एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत झाला. पुढच्या बाजूला वडील कपड्यांना इस्त्री करीत, आणि मागे, वाफेने ओलसर झालेल्या त्या खोलीत, त्यांचा धाकटा मुलगा आपल्या मित्रांसह रॉक संगीत वाजवीत असे. वाजवीत असे हा शब्द मी सौजन्याने वापरला आहे. वडील त्याला वेगळा शब्द वापरीत. हा मुलगा गायक होता. पुढे जाहिरातींवर त्याचे नाव 'सैतान' असे छापले जाऊ लागले, परंतु घरात त्याला छोटू म्हणत, आणि आज साठी उलटून गेल्यावरही त्याची ताई त्याला छोटूच म्हणते. ड्रम वाजविणारा मित्र दाराएवढा रुंद होता, म्हणून सर्वजण त्याला बारक्या म्हणत.

छोटूला वाटे, जग झोपलेले आहे आणि त्याला हलवून जागे केले पाहिजे. हलवण्याचा उपाय त्याने असा शोधला की, शेवटच्या गाण्यात आपलाच शिरच्छेद करून घ्यायचा. त्यासाठी हुबेहूब आपल्यासारखे मुंडके हवे होते. ताई केशकर्तनालयात कामाला होती; चेहरा आणि केस यांची तिला जाण होती. तिने छोटूला इस्त्रीच्या टेबलावर आडवे केले, त्याच्या नाकपुड्यांत दोन नळ्या खुपसल्या आणि चेहऱ्यावर प्लास्टर थापले. भुवयांना तेल लावायचे मात्र ती विसरली. साचा ओढून काढताना डावी भुवई साच्याबरोबर आली. त्या क्षणी छोटूने जे तोंड वाकडे केले, ते पाहून ताईने माझ्या ओठांना तोच आकार दिला. माझी जगप्रसिद्ध मरणवेदना ती हीच. एका भुवईनिशी छोटू रंगमंचावर उभा राहिला, आणि महिनाभरात गावातील निम्म्या तरुणांनी आपली एकेक भुवई भादरली.

माझी कातडी कागदाच्या लगद्याची आहे. तो कागद आला भिंतीवरून उतरवलेल्या साबणाच्या जाहिरातींतून. बंडखोरी आणि जाहिरात यांच्यात उभा दावा आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. माझ्या केसांसाठी ताईने आपली लांबसडक काळीभोर वेणी कापून दिली.

आणि मग, मित्रांनो, माझे दिवस सुरू झाले. शेवटचे गाणे आले की छोटू ओंडक्यावर मान ठेवी. बारक्या कुऱ्हाड उचली. अंधार होई, घाव ऐकू येई, आणि प्रकाश आला की बारक्याच्या मुठीत केसांना धरलेला मी लोंबकळत असे. पुढच्या रांगेत किंकाळ्या फुटत. शाळांचे मुख्याध्यापक माझ्याविरुद्ध वर्तमानपत्रांत लिहीत. मला पाहून मुले बिघडतील असे त्यांचे म्हणणे होते. मुले बिघडली नाहीत. त्यांतले काही आज स्वतःच मुख्याध्यापक आहेत.

छोटूची आई एकदाच प्रयोगाला आली. माझ्यावर झोत पडताच ती शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "बघा ना, सकाळपासून उपाशी आहे. चेहरा कसा उतरलाय पोराचा!" त्या दिवशी मृत्यूचे भय कोणालाच वाटले नाही.

पडद्यामागे आमचा एक नेम होता. ताई रंग लावायला बसली की आधी माझ्यावर हात चालवी, मग छोटूवर. नवी पावडर असो, काजळ असो की गोंद असो, आधी माझे गाल आणि मग त्याचे. "हा शहाणा आहे," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, "तुझ्यासारखा चुळबुळ करत नाही." ती माझ्याशी बोलत असे. गर्दी कशी आहे, पाय किती दुखतात, छोटू पुन्हा कोणाच्या प्रेमात पडला आहे, सारे मला ठाऊक असे. चाळीसेक वर्षे कोणी तुमच्याशी असे बोलले, तर तुम्हालाही आपण कागदाचे आहोत हे विसरायला होईल. पुढे जे घडले त्यावरून वाटते की, तिलाही ते विसरायला झाले होते.

काळ कोणासाठी थांबत नाही. गर्दी पातळ झाली. बारक्याच्या डोक्यावरचे केस गेले आणि गुडघे बोलू लागले. छोटूला ओंडक्यावरून उठताना हात द्यावा लागे. माझ्या केसांवर दिव्यांच्या झळांनी तांबूस छटा चढली, परंतु चेहरा तसाच तरणाताठा राहिला, आणि हाच तरणा चेहरा आमचा घात करून गेला. एका प्रयोगात मी बारक्याच्या मुठीत लोंबत असताना पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीने आपल्या बाबांना विचारले, "मान तर त्या गाणाऱ्या आजोबांची कापली ना? मग हे कोणाचं डोकं आणलंय?" सारे सभागृह हसले. छोटू अंधारात ओणवा बसला होता. त्याने ते ऐकले. त्यानंतर मला कपाटावर ठेवण्यात आले आणि माझ्यावर उशीचा अभ्रा घालण्यात आला.

अभ्रा निघाला तो एका कंपनीच्या साहेबांमुळे. ही कंपनी केसांचा कलप तयार करीत होती. साहेब चाळिशीतले, नीटनेटके, आणि मला पाहताच दोन पावले मागे सरले.

"सर, शाळेत असताना तुमचा प्रयोग चोरून पाहिला होता मी," ते छोटूला म्हणाले. "पुढे किती दिवस आईच्या कुशीत झोपलो, विचारू नका."

"मग पैसे वसूल झाले म्हणायचे," बारक्या म्हणाला.

साहेबांचा प्रस्ताव असा होता की कंपनी मोठमोठ्या सभागृहांत आमचा दौरा काढील. अटी तीनच. कुऱ्हाड नको, रक्त नको, आणि छोटूने आपले पांढरे, खांद्यापर्यंत रुळणारे केस काळे करावेत, म्हणजे तो माझ्यासारखा दिसेल. शेवटच्या गाण्याला मला काचेच्या पेटीत ठेवून छोटू माझ्याशेजारी उभा राहणार, आणि मागच्या पडद्यावर अक्षरे उमटणार: 'काळ हरला!'

साहेब गेल्यावर खोलीत वादाला तोंड फुटले.

"सैतान कलप विकणार!" बारक्या म्हणाला. "नरकात एवढी उष्णता, रंग टिकेल का रे?"

"तुला केस नाहीत म्हणून जळतोयस."

"मला अक्कल आहे म्हणून जळतोय."

"बारक्या, मला पुन्हा एकदा भरलेलं सभागृह बघायचंय," छोटू म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "एकदाच. लोकांनी मला बघावं, आजोबांना नाही."

छोटूला लोभी ठरवून मोकळे होणाऱ्यांशी मी आजही वाद घालीन. दाद ही भूक आहे. भुकेल्याने ताट कोणी वाढले हे विचारावे, अशी अपेक्षा पोटभर जेवलेलेच करतात.

छायाचित्रांचा दिवस ठरला. त्याआधी ताईने कलपाची बाटली फोडली, आणि नेमाप्रमाणे आधी मला समोर घेतले. तिने माझ्या तांबूस केसांना मुळापासून टोकापर्यंत कलप लावला, तो मुरेपर्यंत माझ्याशी गुडघ्यांविषयी बोलली, आणि मग, मित्रांनो, सवयीचा हात कसा घात करतो पाहा, जन्मभर गिऱ्हाइकांची डोकी धुतलेल्या त्या बाईने माझी मान अलगद मागे कलती केली, "डोळे मीट हं," असे म्हटले, आणि मला नळाखाली धरले.

कागदाला नळाखाली धरत नाहीत. माझ्या जुन्या वार्निशला तडे गेलेले होते. पाणी आत शिरले. आधी नाक खचले, मग गाल बसला, आणि काळ्या ओघळांखाली छोटूचे तारुण्य तिच्या बोटांत लगदा होऊन आले. ताईने किंकाळी फोडली. माझ्यासाठी फुटलेल्या किंकाळ्यांपैकी तीच एक खरी होती. तरीही खरे सांगतो, मला तिचा राग आला नाही. मी कागदाचा आहे हे जिच्या लक्षात राहिले नाही, तिच्यावर कोणत्या तोंडाने रागवावे? आणि मला तोंडही उरले नव्हते.

जुना साचा केव्हाच भुगा झाला होता. साहेब यायच्या आत नवा चेहरा हवा होता, आणि ज्याचा साचा काढता येईल असा चेहरा एकच होता: छोटूचा, आजचा.

"सुरकुत्या मग घासून काढ," छोटूने बजावले आणि तो टेबलावर आडवा झाला. या खेपेस भुवयांना तेल लावले गेले. प्लास्टर घट्ट होऊ लागले, आणि बारक्या स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसला.

"वा! आयुष्यात पहिल्यांदा तुझं तोंड बंद आहे," तो म्हणाला. "आता ऐक. तू उलट बोलू शकत नाहीस."

छोटूने मूठ उगारली.

"हलू नको रे छोटू!" ताई ओरडली.

"त्या पोरीनं आजोबा म्हटलं, ते तुला लागलं. मला नाही लागलं? लोक हसले तेव्हा डोकं माझ्याच मुठीत होतं. पण मी काय बघतो ते तुला सांगतो. चाळीस वर्षं मी तुझ्या मागे बसून वाजवतोय. आधी तुझी पाठ सरळ होती, आता वाकलीय. तू श्वास कुठे घेतोस ते बदललं, तसं मी वाजवायचं बदललं. कोणाला कळलंसुद्धा नाही. मी तुझ्याबरोबर म्हातारा झालोय, गाढवा. आता तू काळे केस करून तिथे उभा राहिलास, तर मी कोणाबरोबर म्हातारा झालो?"

उगारलेली मूठ हळूहळू टेबलावर आली. बारक्याने नाक शिंकरले आणि तो चहा सांगायला बाहेर गेला.

साचा निघाला तेव्हा ताईच्या लक्षात आले की डोळ्यांच्या कडांशी प्लास्टर नीट धरलेले नाही. तिथे ते ओलसर राहिले होते. तिने छोटूकडे पाहिले. छोटू भिंतीकडे पाहत होता. माझाच लगदा त्या साच्यात भरून वाळवला तेव्हा नव्या चेहऱ्यावर तिथे बारीक खळगे उमटले, आणि ताईने ते बुजविले नाहीत.

तिने सुरकुत्या घासण्यासाठी पॉलिश पेपर हातात घेतला, तोच छोटू उठला. त्याने मेजावरची कात्री घेतली, आपले पांढरे केस मुठीत धरले आणि मानेपाशी कापून टाकले. मग ती जुडी त्याने ताईपुढे ठेवली.

"हे लाव त्याला," तो म्हणाला. "आणि त्या पॉलिश पेपरला हात लावू नकोस."

"अरे, कंपनीला हेच केस हवे होते."

"म्हणून तर."

ताईने ते केस माझ्या नव्या टाळूवर एकेक करून बसविले, आणि मग एकाच बैठकीत आम्हा दोघांचे केस बारीक कापून सारखे केले. आधी माझे, मग त्याचे.

साहेब आले, त्यांनी छोटूचे डोके पाहिले, मग माझे, आणि खाली बसले.

"सर, हे काय केलंत?"

"साहेब, तुमचा कलप उत्तम आहे. ताईच्या बोटांवरून अजून उतरला नाही. पण मला नको."

साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी समजूत घातली, मोठ्या सभागृहांची आठवण करून दिली, आणि अखेर उठताना संकोचून विचारले, "एकदा हातात घेऊ का याला?" मला हातांत घेऊन ते बराच वेळ पाहत राहिले. "आता भीती नाही वाटत," ते म्हणाले, "पण काहीतरी वाटतं." मग मला परत करून ते निघून गेले. दौरा दुसऱ्या एका गायकाच्या वाट्याला गेला. त्याचे केस, ऐकतो, फार सुंदर काळे झाले.

आम्ही आमचा प्रयोग लहानशा सभागृहात केला. मागच्या रांगा रिकाम्या होत्या. छोटूने ओंडक्यावर मान ठेवली, अंधार झाला, घाव पडला. मुठीत धरण्याजोगे केस माझ्या डोक्यावर उरले नव्हते, म्हणून बारक्याने मला दोन्ही तळव्यांत घेतले, एखादे झोपलेले मूल उचलावे तसे, आणि प्रकाशात वर धरले.

कोणी किंचाळले नाही, कोणी हसले नाही. सभागृहात असलेली सारी माणसे माझ्याकडे पाहत होती, आणि मी पाहत होतो की त्यांच्यापैकी अनेकजण हळूच आपल्या शेजारच्याकडे वळत आहेत. एका वृद्धाने बायकोच्या गालावर हात ठेवला, आणि ती "काय झालं?" असे विचारीत राहिली. छोटू ओंडक्याआडून हे सारे पाहत होता. त्याला भरलेले सभागृह मिळाले नाही. परंतु त्या रात्री कोणी आजोबांना पाहिले नाही, त्यालाच पाहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगण्याची आमच्या जातीच्या आत्मवृत्तांची रीत आहे. मी तेवढ्यावर थांबणार नाही. वस्तू जपायला अभ्रा पुरतो. माणसे जपायला त्यांच्याकडे पाहावे लागते. तुमच्या घरी कोणाचे तरी तरुणपणचे छायाचित्र भिंतीवर असेल, आणि तीच व्यक्ती त्याखाली बसून चष्मा शोधत असेल. छायाचित्राचे कौतुक जरूर करा. परंतु नंतर नजर खाली आणा आणि तो चेहरा आज जसा आहे तसा, सुरकुतीसकट, नीट पाहून घ्या. त्यासाठी कुऱ्हाड पडण्याची वाट पाहू नका.