खैरपाड्याची पाटी

सुभेदार तुळशीराम तरे खासदार झाले तरी त्यांची एक फौजी खोड गेली नव्हती. जी चौकी आपल्या पायांनी गाठली नाही, ती ताब्यात आली असं वायरलेसवर सांगायचं नाही. दिल्लीत ही खोड कुणाच्या कामाची नव्हती. तिथं न गाठलेल्या चौक्यांवरच टाळ्या पडतात.

त्या दिवशी अकलोलीच्या पुढं, खैरपाड्याच्या फाट्यावर मांडव पडला होता. खासदार निधीतल्या रस्त्याचं लोकार्पण. निळ्या पत्र्याची पाटी, तिच्यावर तुळशीरामांचं नाव ठळक, खाली 'काम पूर्ण'. कात्री घेऊन उभा होता त्याचं नाव भाविक. पक्षाचा तालुकाध्यक्ष तोच आणि रस्त्याचा ठेकेदारही तोच. पूर्ण्यापासून राहनाळपर्यंतचे गोदामवाले त्याच्या खिशात, आणि तिकीटवाटप महिन्यावर आलेलं. खैरपाड्याची मतं एकशे चाळीस. त्यांना कोण विचारतो!

"आधी रस्ता बघू," तुळशीराम म्हणाले.

"दादा, ऊन बघा किती हाय. फीत कापा, जेवण थंड होतंय."

तुळशीराम चालू लागले होते.

दोनशे पावलांवर काँक्रीट संपलं. पुढं ओढा, धोंडे आणि उभा चढ. सियाचीनच्या बर्फात त्यांच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली होती, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. ओढ्यातल्या शेवाळावर तो पाय सटकला आणि खासदार पाण्यात बसले. मागं पत्रकार, कार्यकर्ते, सगळे काठावर. बूट कोण भिजवणार?

चढावरून देवराम उतरला. पाड्यावरचा म्हातारा, त्याला कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. सोबत तीन गडी आणि बांबूला बांधलेली गोधडी.

"बसा सायेब झोळीत. आमची मानसं अशीच नेतो आमी."

"मी चालेन."

"दोन बोटांवर? मागल्या साली माझी सून गंगू बाळंतपणाला हिच्यातच नेली. पोर या ओढ्यातच गेलं. आता परत तिला आठवा लागलाय. बसा, वाट बघून घ्या."

तुळशीराम बसले.

"काय वजन हाय, आई गं!" मागचा गडी कण्हला. "दिल्लीचं जेवन मानवलंय सायबांना!"

झोळीतून दिसतं ते फक्त आभाळ आणि पुढच्याची घामानं भिजलेली पाठ. प्रत्येक धोंड्याला कंबर आपटते. सियाचीनलाही त्यांना चौघांनी असंच खाली आणलं होतं. तिथं हेलिकॉप्टर उतरेल असं हवामान नव्हतं. इथं काय नव्हतं?

पाड्यावर गंगू उंबऱ्यात बसली होती, हात पोटावर.

"झाला का रस्ता?" तिनं विचारलं.

तुळशीरामांनी झोळी परत फाट्याकडं वळवायला सांगितली.

झोळीनंच परत फाट्यावर आले तेव्हा भाविक खुशीत होता. त्यानं मोबाईल पुढं धरला. झोळीतल्या खासदारांचा फोटो, आणि वर लिहिलेलं: 'जनतेनं लाडक्या सुभेदाराला खांद्यावर घेतलं!'

"चार हजार लाईक, दादा! तिकीट पक्कं. आता कापा फीत."

तुळशीरामांनी ते दोनदा वाचलं. कात्री टेबलावर ठेवली आणि माईक घेतला.

"मला कुणी प्रेमानं उचललं नाही. रस्ता नाही म्हणून उचललं. दोनशे पावलं काँक्रीट ओतून पाटीवर 'काम पूर्ण' लिहिलंय, आणि वर नाव माझं. मी न बघता हे इथवर येऊ दिलं. चौकशी मागतोय मी. सुरुवात माझ्यापासून करा."

भाविकनं माईकची वायर उपटली. "दादा, तिकीट गेलं समजा!"

"समजलो." तुळशीराम देवरामकडं वळले. "ती पाटी काढा."

गड्यांनी पाटी हलवून हलवून उपटली. पण टाकली नाही, खांद्यावर घेतली.

"कुठं नेताय?"

"गंगूला न्यायची येळ आली तर झोळीवर सावली धरू," देवराम म्हणाला. "पत्रा बरा हाय. रस्ता व्हईल तवा आनून लावू."

खासदारांचं नाव खाली डोकं वर पाय करून चौघं ओढ्यात उतरले.