साहेबाची गाडी

रविवारी सकाळी चहा निवायच्या आतच मी गाडीपाशी जाऊन बसलो. एका हातात दाढीचं पातं, दुसऱ्या हातात रॉकेलची चिंधी. गाडी घरी येऊन महिना झाला होता, तरी ती नवीकोरीच दिसायची.

टाकीवरची कंपनीची अक्षरं आधी गेली. मग बाजूचा पट्टा, मग चेनकव्हरवरची तेलाची सूचना, मग सीटवरचं प्लास्टिक. मागच्या मडगार्डवर दुकानदारानं चिकटवलेलं नाव तर निघता निघेना. शेवटी वैतागून जोर लावला आणि काळ्या रंगावर वीतभर ओरखडा उमटला. दुसऱ्या कोणाचा जीव गेला असता. मला बरंच वाटलं. जुनी दिसायला लागली ना थोडी!

"काहून खरवडून राहिले तुमी?" प्रेमिलानं दारातून विचारलं. माझी बायको बोलते कमी, बघते फार.

"स्टिकरखाली धूळ धरते."

"अन् ते लाल दिवे?"

"दिवे नाहीत ते, रिफ्लेक्टर आहेत. खडखड करतात." मी पाना लावून बाजूचे दोन नारिंगी काढले, मागचा लाल काढला आणि तिन्ही मागच्या नालीत फेकून दिले.

खरं कारण असं. गाडी सासऱ्यांनी लग्नात दिली होती. मी मागितली नव्हती, हे मी स्वतःला रोज सांगायचो. मध्यस्थ म्हणाला, "पोरीचा बाप खुशीनं गाडी देऊन राहिला," आणि मी नको म्हटलं नाही. गप्प बसलो, एवढंच. पण आदल्याच वर्षी आमच्या मंडळाच्या पोरांना शपथ मीच दिली होती. हुंड्याच्या लग्नात पंगतीला बसायचं नाही! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि विसरून गेले. बळीराम विसरला नाही. बळीराम माझा शाळेपासूनचा दोस्त, चौकात त्याचा पानठेला आहे. तो मावसभावाच्या लग्नातून उपाशी उठून आला आणि मावशीनं वर्षभर त्याचं तोंड पाहिलं नाही. असा हा बळीराम माझ्या लग्नात दोनदा बुंदी मागून जेवला होता.

गाडी लग्नानंतर आली, म्हणून मांडवात कोणाला दिसली नाही. बळीरामला मी सांगून टाकलं की ऑफिसातल्या साहेबांची बदली झाली, त्यांनी चार महिने वापरलेली गाडी मला दिली. आज तो ती बघायला येणार होता. सकाळपासून माझं बूड एका जागी टेकत नव्हतं ते त्यामुळे. फाटकापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा चिंधी घ्यायची.

पण त्याच्या आधी माझे सासरे आले, चंपतराव. कळमेश्वरला एका कारखान्यात ते वॉचमन आहेत. तिथून थेट आमच्या नंदनवनपर्यंत सायकल मारत आले होते, पायजम्याला क्लिपा लावून. लेकीसाठी पिशवीत हरभऱ्याची भाजी.

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं, पण दुसरंच.

"मागचा लाल कुठं गेला, जवाई?"

"पडला वाटते रस्त्यात."

ते पाणी प्यायले, माझ्याकडून पाना मागून घेतला आणि सायकलच्या मागे उकिडवे बसले. सायकलचा लाल रिफ्लेक्टर काढून त्यांनी माझ्या मडगार्डला बसवला, हलवून पाहिला.

"ट्रकवाल्याले दिसलं पाह्यजे," ते म्हणाले.

"अन् तुम्हाला?"

"मी काय, डांबराच्या खालून, कडेकडेनं जातो."

एवढ्यात बळीराम हजर. त्यानं गाडीवर थाप मारली आणि म्हणाला, "लय भारी गाडी घेतली बे! मामाजी, पाह्यली का जवायाची गाडी? साहेबाकडून सेकंडहँड भेटली त्याले."

सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा प्रेमिलाकडे.

"हो," ते म्हणाले. "साहेबाचीच हाय. चांगली ठेवली होती त्यायनं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते ओरडले असते तर मी वाद घातला असता, वाद घालता येतो मला. बळीराम खुशीत निघून गेला. सासरे जेवले, थोडे आडवे झाले आणि उन्हं उतरल्यावर सायकल काढून निघाले.

प्रेमिलानं त्यांचा चहाचा कप उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाच वर्षं पैसे भरून नंबर लावून होता बाबा या गाडीचा. सोतासाठी. चालवणंही शिकला होता. गुडघे दुखते त्याचे. नंबर लागाले आला, तं माह्यं लग्न जुळलं."

मी किल्ली घेतली आणि गाडी बाहेर काढली.

चौकात आलो तेव्हा सासरे पुढे बरेच लांब दिसत होते. मी पानठेल्यापाशी थांबलो.

"बळीराम, गाडी साहेबाची नाही. सासऱ्यानं दिली. लग्नात."

चुन्याच्या डबीत त्याचं बोट तसंच राहिलं. शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो.

"मी तुह्या लग्नात जेवलो ना बे," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाच्या पानाकडे वळला.

मी उभा राहिलो. त्यानं पुन्हा वर पाहिलं नाही.

कळमेश्वरच्या रस्त्याला मी सासऱ्यांना गाठलं आणि दिवा लावून त्यांच्या मागे हळूहळू गाडी चालवत राहिलो. ट्रक हॉर्न देत बाजूनं जात होते. सासऱ्यांनी हात हलवून मला पुढे जा म्हटलं. मी गेलो नाही. त्यांच्या घरी पोचल्यावर किल्ली त्यांच्या हातात द्यायची आणि त्यांची सायकल घेऊन परत यायचं, एवढं मी ठरवलं होतं. परतीच्या वाटेवर तिच्या मागे लाल नसणार होता.